पाप पदरी घेणं म्हणजे नेमकं काय करायचं? देवाजवळ कबुली कशी द्यायची आणि मिळालेली क्षमा घ्यायची कशी

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या तरुणांच्या बैठकीत एक प्रश्न फिरून फिरून येतो, की आम्ही रोज क्षमा मागतो तरी मन हलकं का होत नाही. मी स्वतः दीड वर्ष याच प्रश्नात अडकलेलो होतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

माझं काय झालं ते आधी सांगतो. मंडळीच्या (म्हणजे आमच्या चर्चच्या) संडेस्कूलच्या सहलीचे पैसे माझ्याकडे जमा व्हायचे. घरी अचानक अडचण आली, मी त्यातले ४,००० रुपये वापरले, म्हटलं पुढच्या महिन्यात भरून टाकू, पण पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी निघालं आणि शेवटी मी हिशेबात बसचं भाडं वाढवून लिहिलं. कोणालाच कळलं नाही. मी रोज रात्री गुडघे टेकून "प्रभू, माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर" असं म्हणायचो, डोळ्यातून पाणी यायचं, आणि रविवारी त्या पोरांचे चेहरे बघितले की पोटात परत गोळा. म्हणजे मी क्षमा मागत होतो पण त्या ४,००० रुपयांचं नाव एकदाही घेत नव्हतो.

आपल्या मराठी बायबलमध्ये १ योहान १:९ मध्ये फार सुंदर शब्द आलाय, "जर आपण आपली पापे पदरी घेतली". पदरी घेणं. जे माझं आहे ते माझ्या पदरात, दुसऱ्याच्या नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ "तेच म्हणणं" असा आहे, म्हणजे माझ्या वागण्याबद्दल देव जे म्हणतो तेच मी पण म्हणायचं. देव त्याला चोरी म्हणत असेल तर मी त्याला "ॲडजस्टमेंट" म्हणायचं नाही, बस, कबुलीचा गाभा एवढाच आहे. पण हे एवढंसं करायला आपण किती टाळतो ते बघा.

सुरुवात बसून करायची, बोलून नाही

अर्धा तास काढा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. वही आणि पेन घ्या. पहिली प्रार्थना क्षमेची नको, स्तोत्र १३९ च्या शेवटच्या दोन ओव्यांमधली करा, की देवा मला पारख, माझं अंतःकरण जाण, माझ्यात वाईट प्रवृत्ती असेल तर बघ. हे महत्त्वाचं का, तर आपण स्वतःच शोधायला बसलो की दोन गोष्टी होतात, एकतर काहीच सापडत नाही नाहीतर सगळंच वाईट दिसतं. पवित्र आत्मा दाखवतो तेव्हा तो नेमकं दाखवतो. अमुक दिवस, अमुक माणूस, अमुक वाक्य. "तू एकूणच वाया गेलेला आहेस" असा मोघम आवाज येत असेल तर तो त्याचा नाही हे मी अगदी ठामपणे सांगतो.

मग दहा आज्ञा (निर्गम २०) किंवा डोंगरावरचं प्रवचन (मत्तय ५ ते ७) हळूहळू वाचत जा आणि जिथे मन अडखळेल तिथे थांबून लिहा. नुसतं केलेलं नाही, न केलेलं पण लिहा, जसं आईला फोन करायचा होता तो मुद्दाम टाळला. ही वही कोणाला दाखवायची नाही, नंतर फाडून टाकायची आहे, त्यामुळे घाबरू नका.

इथे एक गोष्ट नीट सांगायलाच पाहिजे. तुमच्यावर कोणी अत्याचार केला असेल, लहानपणी कोणी चुकीचा हात लावला असेल, नवरा मारत असेल, तर ते तुमचं पाप नाही, ते वहीत तुमच्या नावावर लिहायचं नाही. कितीतरी बहिणी वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या पापाची क्षमा मागत बसलेल्या मी बघितल्यात आणि खरंच जीव तुटतो. ते ज्याचं आहे ते त्याच्या पदरी, तुमच्यासाठी तिथे मदत आणि न्याय हवा, कबुली नको. तसंच दुःख होणं, राग येणं, प्रार्थनेत झोप लागणं, मुलगी झाली म्हणून सासरच्यांचं तोंड वाकडं होणं, यातलं काहीही तुमचं पाप नाही.

नाव घ्यायचं, आणि "पण" गाळायचं

आता वहीतली एकेक ओळ देवासमोर तोंडाने म्हणायची. मनातल्या मनात नको, ओठ हलू द्या. आणि साध्या मराठीत. आपल्याकडे प्रार्थना म्हटली की लगेच भारदस्त भाषा सुरू होते, "हे परमदयाळू पित्या, आमच्याकडून कळत नकळत जे काही अपराध घडले असतील", त्या "घडले असतील" मध्ये सगळं लपून जातं. पाप घडत नाही, आपण करतो. "माझ्याकडून झालं" पेक्षा "मी केलं" हे म्हणायला जड जातं ना, मग तेच म्हणा.

बायबलमध्ये दोन राजांनी अगदी एकच वाक्य उच्चारलंय, "मी पाप केलं आहे". पहिला शौल, १ शमुवेल १५. शत्रूचं सगळं नष्ट कर ही देवाची आज्ञा त्याने मोडली, आणि शमुवेल संदेष्ट्याने पकडल्यावर तो आधी म्हणतो मी तर देवाची आज्ञा पाळली, मग म्हणतो लोकांनी मेंढरं ठेवून घेतली, मग म्हणतो मी पाप केलं पण लोकांची भीती वाटली, आणि शेवटी काय मागतो तर वडील मंडळीसमोर माझा मान राख. त्याला क्षमा नको होती, इज्जत हवी होती. दुसरा दावीद, २ शमुवेल १२. त्याचं पाप खरं तर जास्त भयंकर, दुसऱ्याची बायको, बथशेबा, घेतली आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे घालून मारवलं. नाथान संदेष्टा येऊन म्हणतो "तो मनुष्य तूच आहेस" आणि दावीदाचं उत्तर एका ओळीचं, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. "पण" नाही, बथशेबेवर ढकललं नाही, युद्धाचं टेन्शन होतं असंही नाही. आणि त्याच ओवीत नाथान सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं. त्याच ओवीत! मधे चाळीस दिवसांचा उपास नाही.

स्तोत्र ५१ याच प्रसंगानंतरचं आहे, ते कबुलीच्या वेळी उघडून ठेवा. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर तेच वाचा, आणि जिथे "माझे अपराध" येतं तिथे थांबून वहीतली ओळ म्हणा. माझी प्रार्थना शेवटी जी झाली ती अशी होती, वाटल्यास नमुना म्हणून घ्या:

"बापा, मी मुलांच्या सहलीचे चार हजार रुपये चोरले. मग खोटा हिशेब लिहिला. लोक मला प्रामाणिक समजतात ते मला आवडत होतं म्हणून मी गप्प राहिलो. हे तुझ्याविरुद्ध आहे आणि त्या पोरांविरुद्ध आहे. माझ्याकडे सांगायला कारण नाही. येशूने वधस्तंभावर जे केलं त्याच्यावर भरवसा ठेवून मी क्षमा मागतो. मला धुऊन काढ आणि पुढचं करायला धैर्य दे."

एवढंच, मिनिटसुद्धा लागत नाही. लूक १८ मधल्या जकातदाराची तर अजून छोटी होती, "हे देवा, मज पाप्यावर दया कर", आणि येशू म्हणाला तो नीतिमान ठरून घरी गेला. रडू आलंच पाहिजे असं पण नाही. काहींना रडू येतं, काहींना येत नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या त्या मुलींमध्ये जे जागृतीचं वारं आलं तेव्हा मुली रडून रडून आपली पापं कबूल करत होत्या, ती आपल्या महाराष्ट्राच्या मंडळीची मोठी आठवण आहे, पण म्हणून कोरड्या डोळ्यांची कबुली खोटी ठरत नाही. २ करिंथ ७:१० नुसार देवाला हवं तसं दुःख माणसाला पश्चात्तापाकडे नेतं आणि जगाचं दुःख मरणाकडे. येशूचे शिष्य पेत्र आणि यहूदा दोघंही येशूला पकडलं त्याच रात्री चुकले, पेत्राने त्याला नाकारलं, यहूदाने धरून दिलं, दोघांनाही वाईट वाटलं, फरक एवढाच की पेत्र परत येशूकडे आला.

माणसाजवळ सांगायचं का?

यावर मंडळ्यांमध्ये मतं वेगळी आहेत. मी प्रोटेस्टंट घरातला, आम्ही १ तीमथ्य २:५ धरतो की देव आणि माणूस यांच्यात एकच मध्यस्थ, येशू, त्यामुळे क्षमेसाठी पाळकसाहेबांकडे जावंच लागतं असं आम्ही मानत नाही. पण याकोब ५:१६ पण आपल्याच बायबलमध्ये आहे, "आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा", आणि ही ओवी आपण प्रोटेस्टंट लोक सोयीने विसरतो असं माझं स्पष्ट मत आहे. अंधारात ठेवलेलं पाप परत परत डोकं काढतं, विशेषतः मोबाईलवरच्या घाणेरड्या गोष्टी, दारू, ऑनलाईन जुगार. तिथे एक पोक्त, तोंड बंद ठेवणारा विश्वासणारा माणूस शोधा, पुरुषाने पुरुष आणि बाईने बाई शोधावी. व्हॉट्सॲप ग्रुपवर साक्ष म्हणून टाकू नका. कोणी तुमच्या कबुलीचा व्हिडिओ करायला बघत असेल किंवा नंतर त्यावरून दबाव टाकत असेल तर तिथून सरळ उठा.

कॅथलिक भावाबहिणींसाठी ही पायरी संस्काराची आहे, गोव्यात कोकणीत त्याला कुमसार म्हणतात. त्यांची पद्धत थोडक्यात अशी, की आधी विवेकाची तपासणी, मग फादरांकडे जाऊन क्रुसाची खूण करायची, शेवटचं कन्फेशन कधी झालं ते सांगायचं, गंभीर पापं कोणती आणि साधारण किती वेळा ते लपवाछपवी न करता सांगायचं, फादर काही सल्ला आणि प्रायश्चित्त देतात, मग पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची आणि फादर पापमुक्तीचे शब्द उच्चारतात. गंभीर पापं वर्षातून एकदा तरी सांगायचीच हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेपासूनचा आहे. खूप वर्षांनी जात असाल तर आत गेल्या गेल्या तेच सांगा, "फादर, मी विसरलोय कसं करायचं", ते हाताला धरून नेतील. आणि फादर ऐकलेलं कोणालाही सांगू शकत नाहीत, कोर्टातसुद्धा नाही, चर्चच्या कायद्यात ते गुपित मोडता येत नाही.

ज्याचं घेतलं त्याचं परत

माझी गाडी इथेच अडली होती. देवाजवळ नाव घेऊन सांगितलं, बरं वाटलं, पण तीन दिवसांनी परत तेच. आमच्या मंडळीत एक आजी आहेत, आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यांच्याजवळ मी सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, प्रार्थना पण लगेच केली नाही. म्हणाल्या, "बाळा, रडून झालं ना, आता पैसे कधी देतोस ते सांग." आणि माझ्यासमोर लेवीय ६ उघडलं.

तिथे लिहिलंय की कोणी शेजाऱ्याचं लुबाडलं किंवा ठेव खाल्ली तर त्याने ते पुरतं परत करावं, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि मग दोषार्पण, म्हणजे दोषाबद्दलचं बलिदान, आणावं. येशूने पण मत्तय ५:२३-२४ मध्ये तेच सांगितलं, वेदीजवळ आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. लूक १९ मधला जकातदार जक्कय तर लुबाडलेल्याचं चौपट द्यायला उठला. पण लक्षात घ्या, येशू त्याच्या घरी जेवायला आधी गेला, चौपटीचं नंतर निघालं. परतफेड करून क्षमा विकत मिळत नाही. क्षमा मिळाली की परतफेड करायला हात मोकळे होतात.

मी ४,००० आणि वर ८०० असे ४,८०० रुपये घेऊन खजिनदार काकांकडे गेलो, पाय अक्षरशः लटपटत होते. सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग पावती पुस्तक काढलं. पुढचं वर्षभर माझ्याकडे कुठलाच हिशेब दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. क्षमा झाली म्हणजे परिणाम पुसले जातात असं नाही, दावीदाचं पाप दूर झालं तरी त्याच्या घरात पुढे काय काय झालं ते वाचा. विश्वास परत कमवायला वेळ लागतो, तो द्यायचा, आणि "देवाने माफ केलं, तुम्ही कोण विचारणारे" असं कधीही म्हणायचं नाही.

माफी मागताना पण तोच नियम, "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नाही. "मी तुझ्याबद्दल चारचौघात खोटं बोललो, ते चुकलं, मला माफ कर", एवढं बोलून गप्प बसा, समोरच्याने लगेच हो म्हटलंच पाहिजे असा आग्रह नको. समोरचा माणूस वारला असेल तर देवाजवळ सांगा आणि त्याच्या घरच्यांचं काही देणं असेल तर ते द्या. मनातला मत्सर, वाईट विचार हे मात्र त्या माणसाला जाऊन सांगत बसू नका, त्याला काही माहीत नसताना आपलं ओझं त्याच्या डोक्यावर कशाला. लग्नाबाहेरच्या संबंधांसारखी गोष्ट असेल तर आधी एखाद्या समजूतदार पाळकाशी बोला, मग पुढचं पाऊल. आणि गुन्हा असेल, त्यातून कोणा लहान मुलाला धोका असेल, तर प्रार्थना करून मिटवायचं नाही, पोलिसात जायचं.

क्षमा घेणं, हे सगळ्यात अवघड

आपल्या मातीत प्रायश्चित्त म्हणजे आपण करायची गोष्ट. उपास, दान, अनवाणी चालणं, काहीतरी मोजायचं तेव्हा फिटतं. आपली कुटुंबं ख्रिस्ती होऊन पिढ्या झाल्या तरी हे रक्तात आहेच, म्हणून आपण कबुली दिल्यावर स्वतःला शिक्षा देत राहतो, गाणं म्हणायला पुढे जात नाही, आनंदाने जेवत नाही. आणि बघा, १ योहान २:२ मध्ये मराठी बायबल तोच शब्द घेतं आणि पूर्ण उलटा करतं. येशू "आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे". आपण ते करायचं नाही, तो स्वतः ते आहे. मला हे ज्या दिवशी समजलं त्या दिवशी मी जिन्यात बसून रडलो.

१ योहान १:९ परत वाचा. तो "विश्वसनीय व न्यायी" आहे म्हणून क्षमा करील. मला आधी वाटायचं इथे "दयाळू" पाहिजे होतं. पण न्यायी लिहिलंय, कारण किंमत भरली गेलीय, आणि भरलेल्या बिलाचे पैसे देव दुसऱ्यांदा मागत नाही. म्हणून कबुली झाली की तिथेच गुडघ्यावर असताना मोठ्याने म्हणायचं, "तू म्हणालास म्हणून मी क्षमा घेतली, धन्यवाद." वाटो न वाटो, म्हणायचं. मग वहीचं पान फाडायचं, बारीक तुकडे करायचे. मी त्यावर आधी स्तोत्र १०३:१२ लाल पेनाने लिहितो, पूर्व पश्चिमेपासून जितकी दूर तितके त्याने आमचे अपराध दूर केलेत, आणि मग फाडतो.

दुसऱ्या दिवशी तीच आठवण परत येणार, धरून चाला. तेव्हा परत कबुली देत बसायचं नाही, परत आभार मानायचे. तेच पाप परत केलं तर मात्र परत कबुली, त्याच दिवशी, आठवडाभर थांबायचं नाही. प्रोटेस्टंट चळवळ ज्याच्यापासून सुरू झाली त्या मार्टिन लूथरच्या १५१७ च्या ९५ मुद्द्यांमधला पहिलाच मुद्दा आहे की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. पण हाच लूथर तरुणपणी मठात तासन्तास कबुली द्यायचा, बाहेर पडला की अजून काहीतरी आठवायचं, आणि त्याला शांती मिळाली ती यादी पूर्ण करून नाही तर ख्रिस्ताकडे बघून. तुमचं असं होत असेल, दिवसातून वीस वेळा क्षमा मागितल्याशिवाय चैन पडत नाही, झोप उडालीय, जगू नये असं वाटतंय, तर ते तुमचा विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही, तो आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवा, मानसिक आरोग्यासाठी सरकारचा टेलिमानस नंबर १४४१६ आहे, मराठीतही बोलता येतं, आणि प्रार्थना सोबत चालू ठेवा.

शेवटचं, प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळीत भाकर आणि प्याला घेतात त्याबद्दल. पुष्कळ लोक मनात काही खुपत असलं की त्या रविवारी भाकर आणि प्याला घेत नाहीत, मागच्या दाराने निघून जातात, मी पण दीड वर्ष कसली ना कसली कारणं सांगून तेच केलं. १ करिंथ ११:२८ नीट वाचा. पौल म्हणतो माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे. परीक्षा कर आणि घरी जा असं नाही लिहिलेलं. तेव्हा शनिवारी रात्री वही घेऊन बसा, ज्याला फोन करायचा त्याला करा, आणि रविवारी पाळकसाहेब बोलावतील तेव्हा बाकावरून उठून पुढे जा.